घाबरल्यावानी होते

६ नोव्हेंबर

झाली एकदाची पालकसभा! भीतीवर पीएचडी करते आणि चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की माझीच जीभ टाळूला चिकटते. आईला सांगितलं तर हसली. "तुवं ते मशीन आधी तुलेच लाव," म्हणाली.

आसेगावहून स्कूटीनं निघाले. पोहरादेवीच्या अलीकडे, तांड्यावरची शाळा. वाटेत तीनदा वाटलं की परत फिरावं, तब्येत बिघडली म्हणून कळवावं. पण आज न अडखळता बोलले, म्हणून जे बोलले ते इथं उतरवून ठेवते. पुढं कामाला येईल.

म्हटलं, लॅपटॉपचा कॅमेरा मुलांचा चेहरा बघतो. मनगटावरचा पट्टा नाडी मोजतो. गणित करता करता मूल घाबरलं की आमच्या 'धीर'ला ते कळतं. 'धीर' म्हणजे मी बनवलेला प्रोग्राम. मग तो पडद्यावर लिहितो — घाबरू नको, सोपं देऊ? — आणि सोपं गणित देतो. पुष्कळ मुलांना गणित येतं, पण भीतीनं हात चालत नाही. ती भीती आधी ओळखायची, एवढंच माझं संशोधन.

मागून एक जण म्हणाला, "मॅडम, लबाड बोलनं वळखते काय हे? आमच्या घरी लागते एक!" त्याच्या बायकोनं पाठीत धपाटा घातला. सगळे हसले आणि मला जरा बळ आलं.

नंतर सपनाची आजी भेटली, गोमतीबाई. सपना सातवीतली. तिचे आईबाप ऊसतोडीला निघायच्या गडबडीत होते, म्हणून आजी आली; ते गेल्यावर सपना तिच्याजवळच राहणार. माझा हात धरून म्हणाली, "पोरीले घाबरल्यावानी होते मॅडम. सारखं म्हनते. वाशीमले दाखवा लागते काय मोठ्या दवाखान्यात?"

मी तिला लॅपटॉपवर सपनाच्या नाडीची रेघ दाखवली. कशी वर वरच राहते ती. म्हटलं, "दवाखान्याची गरज नाही आजी. तिला गणिताची भीती आहे. मनातली गोष्ट आहे, जाईल हळूहळू."

"मनातलंच ना? मंग बरं," म्हणाली. डोळे पुसले. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला इतकं भरून आलं! एवढी वर्षं पुण्यात, मग अमरावतीला खुर्चीत बसून डोळे फोडले, त्याचा पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला.

विनोद सरांना सांगून आले. ते गणित शिकवतात, माणूस सज्जन. म्हटलं, सपनाचा ताण कमी करा. काही दिवस गणिताच्या तासाला तिला मैदानावर पाठवा, खो-खो खेळू द्या. मन मोकळं होईल.

७ नोव्हेंबर

उदयसिंग सरांचा फोन. माझे गाईड. चक्क कौतुक केलं! "तुझ्या प्रबंधाचा जीव त्या सपनात आहे," म्हणाले. सर चांगलं बोलले की मला जास्त भीती वाटते. पुढं काहीतरी येणार असं वाटत राहतं.

११ नोव्हेंबर

जीव म्हणजे काय, तर हे. बाकी मुलं घाबरली की चेहऱ्यावर दिसतं. कुणी ओठ चावतं, कुणाच्या कपाळाला आठ्या पडतात. सपनाचा चेहरा मात्र शांत. कॅमेरा दर वेळी 'शांत' म्हणूनच नोंद करतो. आणि नाडी? शंभराच्या कितीतरी वर! कॅमेरा एक सांगतो, पट्टा दुसरंच.

मी याला नाव दिलं — दडपलेली भीती. मूल चेहरा दगडासारखा ठेवतं आणि आतून थरथरतं. दिवाळीआधी यावरच पेपर पाठवला एका परिषदेला. सरांचं म्हणणं, असं आपल्याकडच्या मुलांवर कुणी दाखवलेलं नाही.

आणि नुसती नाडीच नाही, सपना स्वतःच्या तोंडानंही सांगते. प्रश्नावलीत विचारलंय, गणित सोडवताना घाबरल्यासारखं होतं का? तिचं उत्तर — नेहमी.

हा प्रश्न माझा लाडका. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी पुण्याच्या एका बाईंनी केलेलं, त्यात होतं 'चिंता जाणवते का'. आमच्याकडच्या पोरांना चिंता जाणवते कुठं! मी ते खोडून 'घाबरल्यासारखं होतं का' केलं. आपल्या भागातला शब्द. सेमिनारला मिरवलंसुद्धा — मी तिथलीच आहे, मला त्यांची भाषा येते.

१२ नोव्हेंबर

शाळेच्या फाटकात कुत्रं. अर्धा तास बाहेर उभी. शेवटी पहिलीतल्या एका पोरीनं हात धरून आत नेलं. भीतीतज्ज्ञ!

१९ नोव्हेंबर

परिषदेकडून पेपरवर शेरे आले. उघडायला धीर होईना. आधी चहा केला, मग कपडे वाळत घातले, मग उघडलं.

दोघांनी वाखाणलं. तिसऱ्यानं एकच ओळ लिहिली — या विद्यार्थिनीची विश्रांतीच्या वेळची नाडी का दिलेली नाही?

दिलेली नाही कारण मी ती काढून टाकली. पहिल्या दिवशी सगळ्या मुलांना नुसतं बसवून नाडी घेतली होती. सपनाची तेव्हाही खूप जास्त आली. मला वाटलं पट्टा सैल बसला असेल. खराब वाचन म्हणून टाकून दिलं आणि तिच्या जागी वर्गाची सरासरी धरली. असं करतात, नियमात बसतं.

पण पट्टा सैल असेल तर नाडी जास्तच का दाखवेल? काहीही दाखवेल ना? दुपारभर हाच विचार. सरांना विचारायची हिंमत झाली नाही. चार पेपरांचे संदर्भ जोडून एक गुळगुळीत उत्तर लिहून ठेवलं. अजून पाठवलं नाही.

२३ नोव्हेंबर

अक्षर वाकडंतिकडं येतंय. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

रविवार म्हणून आईबरोबर कापूस वेचायला गेले. बाया मिळत नाहीत या दिवसांत. ऊन चढलं तशी आई वेचायची ओळ सोडून एकदम धुऱ्यावर, बांधाला जाऊन बसली. चेहरा पांढराफटक. मी धावले.

"काय झालं?"

"घाबरल्यावानी होऊन राह्यलं वं. पानी दे."

मी पाणी दिलं आणि शहाणीसारखं विचारलं, "कशाची भीती वाटतेय?" मला खरंच वाटलं बाबांची आठवण आली असेल, किंवा साप दिसला असेल.

आई माझ्याकडं बघतच राहिली. "भेव? भेव कायचं बापा? सकाळपासून पोटात अन्न नाही, उन्हात उभी हावो. जीव खालवर होऊन राह्यला, छातीत धडधड करते. घाबरल्यावानी होते म्हंजे घाबरल्यावानी होते. तुले समजत नाही काय?"

नाही समजलं. लहानपणापासून हे वाक्य ऐकलं. दळण डोक्यावर घेऊन आलेली काकू म्हणायची. बाबा शेवटच्या आजारात म्हणायचे — घाबरल्यावानी होते, खिडकी उघड. मीसुद्धा म्हणत असेन! त्यात भीती नसते. भीतीला आमच्याकडं भेव म्हणतात. घाबरल्यावानी होणं म्हणजे जीव गुदमरणं, छाती धडधडणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं. शब्द माझ्याच घरातला, आणि मी त्याचा अर्थ पुण्याचा लावला.

आईला घरी आणलं, भाकर खायला दिली. ती तासाभरात नीट झाली आणि पुन्हा शेतात जायला निघाली. मी मात्र ओट्यावर बसून राहिले.

सपनाची नाडी नुसतं बसूनही जास्त होती. पट्टा सैल नव्हता. गणिताशी त्याचा संबंध नसेल तर — ती पोरगी आजारी आहे. तिच्या आजीनं मला सरळ विचारलं होतं, दवाखान्यात दाखवू का? आणि मी नाही म्हटलं. वर तिला खो-खो खेळायला लावलं.

पळायला लावलं मी तिला.

२४ नोव्हेंबर

शाळा उघडायच्या आधी पोचले. कुत्रं होतं. त्याच्या अंगावरून गेले असते.

विनोद सर म्हणाले, "सपना? ते तर गेली ना मॅडम. दहाबारा रोज झाले. तिची माय घेऊन गेली टोळीसंगं."

मी म्हटलं, का? ती तर आजीजवळ राहणार होती!

सर घुटमळले. "तुमीच सांगतलं ना सभेत, गनिताचं भेव हाय म्हनून. बुढीनं घरी जाऊन सांगतलं. माय म्हने, शाळेच्या भेवानं लेकरू वाळून राह्यलं, कायले ठेवू मंग? संग राहीन तं भेव मोडन." मग खाली बघत म्हणाले, "खो-खोतही बसून जाये ते मॅडम. दोनतीन खेप झालं. मले वाटलं भेवच हाय. आनखी पळवली मी तिले. मोकळी होईन म्हनून."

घंटा झाली, पोरं प्रार्थनेला उभी राहिली.

गोमतीबाईकडं गेले. ती दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी शब्द बदलून बदलून विचारलं. चढ चढताना होतं का? हो. रात्री निजल्यावर? "उठून बसे कधी मधी. म्हने, छातीवर कोनी बसलं." आधी काही आजार? "मागच्या साली गुडघे सुजले होते. ताप. तेल लावलं, उतरली सूज." सगळं तिनं भराभरा सांगितलं. सगळं तिला माहीत होतं. मी विचारलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं!

"काहून मॅडम, मनातलंच हाय ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, आजी, मला नीट कळलं नव्हतं. तिला दवाखान्यात न्यायला पाहिजे. तिचे हात शेंगांवरच थांबले. मला वाटलं ओरडेल, शिव्या देईल. काही नाही. आत जाऊन चिठ्ठी घेऊन आली. तिच्या मुलाचा, म्हणजे सपनाच्या बापाचा, बादलचा, नंबर दिला. फोन बंद.

२५ नोव्हेंबर

अश्वजितला फोन केला. धाकटा भाऊ, नागपूरला एमडी करतोय. एरवी माझी टर उडवतो — ताई, तुझं मशीन आमच्या एचओडींना लाव. आज सगळं नीट ऐकून घेतलं. गुडघे सुजल्याचं दोनदा विचारलं.

"हृदयाची झडप गेली असू शकते ताई. सांध्यांच्या तापानंतर होतं मुलांना. बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण लवकर बघायला पाहिजे. आणि तिला कष्टाचं काही करू देऊ नको. काही म्हणजे काहीही."

ऊसतोडीच्या फडात! मोळ्या, पाण्याच्या कळशा, पाचट. काहीही करू देऊ नको म्हणे.

बादलचा फोन बंद. निताचा, म्हणजे सपनाच्या आईचा, नंबर कुणाकडं नाही. दिवसभरात किती वेळा लावला असेल! बंद. बंद. सांगली की कोल्हापूर, तेही तांड्यावर कुणाला नक्की ठाऊक नाही. ते मुकादमाला ठाऊक, म्हणतात.

जेवण गेलं नाही.

२७ नोव्हेंबर

मुकादम सोमला. दोन दिवसांनी सापडला, मानोऱ्याला चहाच्या टपरीवर. मी कॉलेजातल्या हंगामी नोकरीचं ओळखपत्र काढून दाखवलं, विश्वास बसावा म्हणून. तिथंच घोटाळा झाला. फोटो, शिक्का, अशोकस्तंभासारखं दिसणारं कॉलेजचं चिन्ह! त्याला वाटलं मी बालकामगारवाली सरकारी बाई.

"आमच्या टोळीत लेकरं नाहीत," म्हणाला.

म्हटलं, भाऊ, मला कारवाई करायची नाही. पोरगी आजारी आहे.

"कोनती पोरगी? लेकरंच नाहीत तं आजारी कोन राहीन?" आणि गाडीला किक मारली.

मी भर रस्त्यात त्याच्या गाडीचं हँडल धरलं. मी! बँकेत पैसे काढायला गेले तरी जिचा आवाज निघत नाही ती मी. म्हटलं, "पोरगी मेली तर काय सांगाल?" तो चपापला, पण हँडल सोडवून गेला. आजूबाजूचे लोक बघत होते. मेली हा शब्द माझ्या तोंडून निघाला कसा? तेव्हापासून तो कानातून जात नाही.

२८ नोव्हेंबर

गोमतीबाईला स्कूटीवर मागं बसवून सोमलाच्या घरी नेलं. ती त्याच्याशी गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत बोलली. मला एक अक्षर समजलं नाही. एकदा तिचा आवाज चढला, एकदा तिनं माझ्याकडं बोट केलं. काय सांगितलं असेल माझ्याबद्दल? जे सांगितलं ते खरंच असणार.

सोमलानं फोन लावला. टोळीतल्या दुसऱ्याच कुणाच्या फोनवर निता आली. टोळी सांगली भागात आहे.

"चांगली हाये आता," निता म्हणाली. "गनितच नाही ना इथं. भेव कायचं!" आनंदानं सांगत होती बिचारी.

मी म्हटलं, निताताई, तिला आजच दवाखान्यात न्या.

"दवाखाना कायले? तुमीच तं म्हनलं ना, मनातलं हाय. बुढीले मशीन दाखवलं तुमी."

"मी चुकले ताई. मशीन नाही चुकलं, मी चुकले. तिच्या छातीत काहीतरी आहे."

"आता छातीत हाय म्हनता. उद्या आनखी काई म्हनसान." ती ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली, म्हणून जास्त लागलं. माझ्या शब्दावर तिनं आता का विश्वास ठेवावा?

गोमतीबाईनं माझ्या हातातून फोन घेतला. पुन्हा गोरमाटी. बराच वेळ. मग म्हणाली, सपना बोलते.

"मॅडम?" एवढ्या एका शब्दातच दम लागला होता तिला. मी विचारलं, पाणी कोण आणतं बाळा? "मीच आनतो. पन आता बसत बसत आनतो." पाय सुजतात? "संध्याकाळी." झोप लागते? "बसून लागते."

बसून लागते! तेरा वर्षांचं लेकरू पाचटाच्या कोपीत बसून झोपतं आणि मी त्यावर पेपर लिहिला!

३० नोव्हेंबर

निरोप नाही. सोमला म्हणतो बादलला सांगितलंय, नेतील. कधी नेतील? अश्वजित दर दोन तासांनी विचारतो. मी फोन उशाशी, खिशात, देवळीत, जिथं रेंज येते तिथं ठेवून बसते. वाजला की घ्यायची भीती, नाही वाजला की त्याची भीती.

१ डिसेंबर

काही नाही.

२ डिसेंबर

बादलचा फोन आला. स्वतःहून. त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

परवा संध्याकाळी सपना फडातच पडली. त्यांनी ट्रॅक्टरमध्ये घालून तालुक्याला नेलं. तिथून कोल्हापूरला पाठवलं, मोठ्या दवाखान्यात. छातीची सोनोग्राफी केली. "डाक्टर म्हनते, झडप आवळली. फुगा टाका लागते म्हने आतून. मॅडम, फुगा म्हंजे काय वं? लेकराच्या काळजात फुगा कसा टाकतीन?"

मी त्याला अश्वजितचा नंबर दिला. अश्वजितनं त्यांना समजावलं, मग मला. मांडीतल्या नसेतून बारीक तार हृदयापर्यंत नेतात, तिच्या टोकाचा फुगा फुगवून झडप मोकळी करतात. सरकारी योजनेत फुकट होतं. पण आधी फुप्फुसातलं पाणी उतरायला पाहिजे. आत्ता तिची हालत नाजूक आहे. "नाजूक म्हणजे?" मी विचारलं. "नाजूक म्हणजे नाजूक, ताई," म्हणाला.

बादल शेवटी म्हणाला, "तुमी फोन केला म्हनून समजलं तरी." आभार मानत होता! त्याला कुणी सांगितलं नाही का, की माझ्यामुळंच उशीर झाला? मी सांगणार होते. सांगायचं सोडून जेवलात का विचारलं. तेवढ्यात फोन कटला.

४ डिसेंबर

अमरावती. उदयसिंग सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. पेपर मागं घेते म्हटलं.

सरांनी चष्मा काढला. वाईट त्यांनाही वाटलं, ते खोटं नव्हतं. मग म्हणाले, "एक विद्यार्थिनी वगळ. बाकीचा डेटा तसाच राहतो. पेपर कशाला मागे घ्यायचा?"

म्हटलं, सर, प्रश्नच चुकला आहे. बाकीच्या पोरांनी 'घाबरल्यासारखं होतं' ला हो म्हटलं ते कशाबद्दल? कुणी उपाशी असेल, कुणाला रक्त कमी असेल. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही.

"सुकेशनी, तू पाच वर्षं दिली आहेस याला."

हो. आणि नोकरी पक्की व्हायची ती या पदवीवर. हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी तिथंच त्यांच्यासमोर मेल पाठवला. दोनदा चुकीच्या ठिकाणी दाबलं. सरांनी चष्मा पुन्हा चढवला. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. हलकं वगैरे काही वाटलं नाही. नुसती भीती — आता माझं काय होणार? आणि दुसऱ्या क्षणी लाज वाटली, की लेकरू तिकडं दवाखान्यात पडलंय आणि मला माझी पडली आहे.

६ डिसेंबर

आज सहा डिसेंबर. आई पांढरं लुगडं नेसून विहारात गेली. मलाही नेलं. मेणबत्ती लावताना मनात सपनाचंच नाव. आईला सगळं ठाऊक आहे. वाटेत एवढंच म्हणाली, "मले इचारलं असतं तं सांगतलं असतं ना वं. एवढी शिकली, पन मायले काई इचारत नाही."

परतताना मानोऱ्याच्या आरोग्य केंद्रात गेले. शाळा तपासणीचं पथक लवकर पाठवा म्हणून सांगितलं. तिथले डॉक्टर म्हणाले, कारण काय? मी म्हटलं, मुलांना घाबरल्यासारखं होतं. ते लगेच म्हणाले, "धडधडतं का? दम लागतो का?" इथलेच असावेत.

८ डिसेंबर

फुप्फुसातलं पाणी बरंच उतरलं. उद्या फुगा.

मी बादलला खरं सांगितलं. आज सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, म्हणून. तुमच्या आईनं मला विचारलं होतं आणि मीच दवाखान्याला नको म्हटलं होतं. मागं दवाखान्याचा गलका ऐकू येत होता, कुणाचं तरी नाव पुकारत होते. मग म्हणाला, "उद्याचं होऊ द्या मॅडम. मंग बोलू." आणि फोन ठेवला. मंग काय बोलणार?

९ डिसेंबर

सकाळी आत नेलं. दुपार होत आली. फोन नाही. अश्वजित उचलत नाही. आई समोर बसली आहे, कापसातली पत्ती काढते आहे.

अजून नाही.

१० डिसेंबर

झालं. झडप मोकळी झाली. काल संध्याकाळी अश्वजितनं सांगितलं तेव्हा मी आईच्या गळ्यात पडून रडले.

आज बादलनं स्वतः फोन लावून सपनाला दिला. आवाज बारीक, पण दम लागत नव्हता. मला काय बोलावं सुचेना. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आता गणिताच्या तासाला घाबरायचं नाही हं."

"गनिताले मी कदी भेली मॅडम? तोच एक तास मले बरं वाटे. कोनी कामाले उठवे नाही, बसून राहाले भेटे ना," म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुमी तोच काहून बंद केला?"